आज्याचा वाफा

सटवाजीबाबाला शेवटच्या काळात एक खोड लागली होती. कुठल्याही गावाला गेला, की तिथल्या एखाद्या नव्या सुनेच्या दारात उभा राहून तो पाणी मागायचा. तहान असो वा नसो. सून तांब्या घेऊन बाहेर आली की तिला तिचं माहेर विचारायचा, तांब्या घशात रिता करायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "तुजा बाप आला की त्यालाबी असंच पाज. न्हाई म्हनला तर डोक्यावर वत त्याच्या." सून पदरात तोंड लपवून हसायची, सासू कपाळाला आठ्या घालायची. ही सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सालची गोष्ट. रझाकारांच्या भीतीनं माणसं तेव्हा ओळखीच्यालाही आतून नाव विचारल्याशिवाय दार उघडत नव्हती, आणि हा म्हातारा मात्र दारोदार पाणी मागत फिरायचा. लोक म्हणायचे, म्हातारं बिघडलं. म्हातारं बिघडलं नव्हतं. सुधारलं होतं, पण फार उशिरा सुधारलं होतं.

त्याचं गाव चारठाण्याजवळ, डोंगराला पाठ लावून बसलेलं. दोन बैलांची शेती, एकुलता मुलगा वैजीनाथ, सून, नातवंडं आणि बायको कस्तुराबाई, जिच्या तोंडाला साऱ्या आळीत तोड नव्हती. पंचावन्नी गाठली तसा सटवाजीबाबानं बैलांचा कासरा वैजीनाथच्या हातात दिला आणि स्वतः तीन गोष्टींना वाहून घेतलं. घरामागचा परस, कुत्रं आणि डोंगर. कस्तुराबाई म्हणायची, "चौथी मीबी हाय घरात, पर माजी पाळी काय येईना."

कुत्र्याचं नाव जमादार. अंगानं तांबूस, एक कान कायमचा मोडलेला. सकाळी शेपूट वर करून तो आळीतल्या प्रत्येक उंबऱ्याशी जायचा, आत डोकावून पाहायचा आणि तोंडात काहीतरी पडल्याशिवाय हलायचा नाही, म्हणून हे नाव. खरा पोलीस जमादार जिंतूरहून घोड्यावर बसून गावात आला, की त्या दिवसापुरतं कुत्र्याचं नाव मोत्या व्हायचं. पण मोत्या म्हणून कितीही हाका मारा, तो ढिम्म हलायचा नाही. एकदा कस्तुराबाईनं सवयीनं "जमादाऽर, भाकर खायला ये रं" अशी हाक घातली आणि चावडीवर बसलेल्या खऱ्या जमादारानं मान वळवली. त्या दिवशी सटवाजीबाबानं टोपलंभर वांगी आणि दोन दुधी चावडीवर पोचते केले तेव्हा कुठं विषय मिटला.

वांगी आणि दुधी म्हणजे त्याच्या परसातले. त्याचा परस बघायला बाहेरगावचे पाहुणे यायचे, आणि तो दाखवताना म्हातारा असा चालायचा जणू हैदराबादचा नवाब आपला महाल दाखवतोय. न्हाणीचं सांडपाणी त्यानं पाट काढून मागं नेलं होतं. पाटाच्या तोंडाशी अळू, मग दोडक्याचा मांडव, त्याच्यापुढं वांगी आणि मिरची, आणि वाऱ्याच्या बाजूला अंबाडीची दाट रांग. प्रत्येक वाफ्याच्या चारी कोपऱ्यांवर झेंडूचं एकेक रोप. "हे पहारेकरी," असं तो सांगायचा. आणि दरवर्षी एक वाफा तो रिकामा ठेवायचा. काहीच लावायचा नाही, नुसता खुरपून भुसभुशीत करून ठेवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "भुईलाबी बाळंतिणीवानी इसावा लागतो." दरवर्षी वाफा बदलायचा, पण एक रिकामा असायचाच. दुसऱ्या कुणाच्या परसात असला प्रकार नव्हता. हातभर जागेत चार मिरच्या जास्त लावता आल्या तर कोण सोडतो?

वैजीनाथची थोरली मुलगी मनकर्णा. तिच्या पाठीवर लागोपाठ तीन भाऊ झाले, त्यामुळं आईची मांडी तिला फार दिवस मिळाली नाही. ती आज्याच्या खांद्यावर वाढली. बी कसं टोचायचं हे तिला अक्षरओळखीच्या वयात कळलं होतं, अक्षरं मात्र कधीच कळली नाहीत. "बोटाच्या पैल्या पेरापस्तोर. त्याच्या खाली गेलं तर ते बी न्हाई, मडं पुरलं म्हनायचं," असं आजा सांगायचा आणि ती आपल्या इवल्या बोटाकडं बघून विचारायची, "तुमच्या पेरापस्तोर का माज्या?" बियाणं वाळलेल्या दुधीच्या तुंब्यात राख घालून ठेवायचं, तुंबा चुलीवरच्या आढ्याला टांगायचा, हेही तिनं त्याच्याकडूनच उचललं. आणखी एक गोष्ट उचलली होती. हट्ट. एकदा धरलं की सोडायचं नाही, आणि का धरलं तेही सांगायचं नाही.

दर सोमवारी दोघं डोंगर चढायची. गावाला याचं नवल वाटायचं. गुरं वळायला माणूस डोंगरात जातो, सरपणाला जातो, सीताफळं उतरवायला जातो. हा म्हातारा रिकाम्या हातानं जायचा आणि रिकाम्या हातानं यायचा. माथ्यावर एक सपाट धोंडा होता. त्यावर बसून एका अंगाला आपलं गाव आणि दुसऱ्या अंगाला पल्याडचं कवठा बघायचं, सोबतची भाकरी खायची, जमादारला अर्धी घालायची आणि उतरायचं, एवढंच. "काय मिळतं वर?" असं कस्तुराबाई विचारायची. "वारं," असं तो सांगायचा.

मनकर्णाला चौदावं लागलं तशी स्थळं यायला लागली. वैजीनाथच्या मनात पिंगळीकडचं एक घर होतं. बरी जमीन होती, जवळ रेल्वेचं ठेसन होतं. पण म्हातारा आडवा आला. त्याला कवठ्याचा सुग्रीव पसंत होता. घर साधंच, घरात सासू बायनाबाई आणि एकुलता मुलगा. पण डोंगर ओलांडला की लेक. सोमवारी माथ्यावरून दोन पावलं पुढं उतरलं की झालं. "ठेसन घिऊन काय करायचं? आगगाडी मला फुकट नेनार हाय व्हय?" असं म्हणून त्यानं स्वतःच सुपारी फोडली. लग्नात त्यानं नातीला एक पितळी तांब्या दिला. जिंतूरच्या कासाराकडून त्यावर नाव घालून आणलं होतं, सटवाजीकडून मनकर्णाला. दोघांनाही ते वाचता येत नव्हतं, म्हणून दोघांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

आता त्या भागातली रीत अशी होती, की लेकीला लेकरू होईपर्यंत माहेरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. अन्न तर दूरच. रीत जुनी होती, आणि जुन्या रितीला माणसांनी जुन्याच पळवाटा काढल्या होत्या. वैजीनाथ कवठ्याला गेला की ताटाखाली एक नाणं सरकवायचा आणि पोटभर जेवून यायचा. लेकीचं फुकट खाल्लं नाही, झालं. गावातले निम्मे बाप असंच करत. सटवाजीबाबाला ते ऐकूनच हसू यायचं. "द्येवाला फसवायलाव व्हय रं? पाळायची तर पाळा, न्हाईतर सोडा." त्यानं पाळली. नुसतं पाणीच नाही, तर उंबराही ओलांडायचा नाही असं स्वतःच्या पदरचं एक कलम त्यात घातलं. खरं सांगायचं तर त्याच्या रीत पाळण्यात भक्तिभाव थोडा आणि मिजास फार होती. सटवाजी शब्दाचा पक्का, असं चार गावांत म्हणवून घ्यायला त्याला आवडायचं.

तर दर पंधरवड्याच्या सोमवारी म्हातारा डोंगर ओलांडून कवठ्याला जायचा. खांद्याला दोन गोष्टी, परसातल्या भाजीचं फडकं आणि पाण्यानं भरलेला दुधीचा तुंबा. मनकर्णाच्या दारासमोर एक लिंब होता, त्याच्या बुडाशी बसायचा. जमादारला कुठली रीत नव्हती. तो थेट आत जायचा.

पहिल्याच खेपेला मनकर्णा तोच तांब्या भरून बाहेर आली. डोक्यावर पदर, कपाळावर आडवं कुंकू, चालणं एकदम पोक्त.

"आजा, पानी घ्या."

"खुळी का काय तू? रीत ठावं न्हाई व्हय तुला?"

"ठावं हाय. आता आलाव चार कोस उन्हात. घोटभर घेतलं तर काय हुतंय?"

"लेकरू हू दे. मग घोटभर न्हाई, रांजन पितो तुज्या घरचा." असं म्हणून त्यानं तुंब्याचं बूच काढलं आणि तिच्यासमोर, तिच्या दारात, स्वतःच्या विहिरीचं पाणी घटाघटा प्यायला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण किती नीट वागतोय असंच वाटलं. मनकर्णा तांब्या धरून उभी राहिली. मग तिनं हात पुढं केला. "मलाबी द्या त्यातलं. आपल्या हिरीचं हाय." त्यानं दिलं. ती प्याली, आणि आपल्या तांब्यातलं पाणी तिनं लिंबाच्या बुडाशी ओतून टाकलं.

पुढं तो शिरस्ताच पडला. ती तांब्या आणायची, तो नाही म्हणायचा, तुंबा उघडायचा, ती त्यातलं दोन घोट प्यायची. मग घरची विचारपूस, गाय व्याली का, धाकट्यानं पाटी फोडली का, आज्जी कुणाशी भांडली. आणि मग ती दरवेळी म्हणायची, "आजा, घडीभर परसात या. एक चीज दाखवायची हाय."

"हिकडंच आन."

"आनायसारखी न्हाई."

"मग लेकरू झाल्यावर बगतो." असं म्हणून तो काठी उचलायचा आणि जमादारला हाक मारायचा.

जमादार घरातून बाहेर यायचा तो तृप्त होऊन. पोट टम्म, आणि चारही पाय चिखलानं भरलेले. भर चैत्रात, जेव्हा सगळा मुलूख भाजून निघायचा, तेव्हासुद्धा त्याच्या पायाला ओली काळी माती असायची आणि पाठीवर कधी झेंडूची पाकळी. सटवाजीबाबा त्याच्या पेकाटात काठी घालायचा. "दुसऱ्याच्या वाफ्यात लोळतूस व्हय रं हरामखोरा! लेकीच्या गावात इज्जत घालवतूस माजी!" कुत्रं कुई करायचं आणि पुढं पळायचं. त्याला बोलता आलं असतं तर पुढचं सगळंच टळलं असतं.

माथ्यावरच्या धोंड्यावरून कवठ्याची घरं पालथ्या घातलेल्या मडक्यांसारखी दिसायची. त्या साऱ्या मातकट रंगात एका ठिकाणी चौकोनी हिरवा तुकडा दिसायला लागला होता. आधी हाताच्या पंजाएवढा, मग दरवर्षी थोडा थोडा मोठा. म्हाताऱ्याची नजर अधू झालेली. कुणाच्या घरामागं आहे ते काही कळायचं नाही, पण हिरवं कळायचं. परस करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या परसाचा हेवा वाटतो तसा त्याला वाटला. एकदा लिंबाखाली बसून तो मनकर्णाला म्हणालासुद्धा, "तुमच्या गावात कुनीतरी लय शाना मानूस हाय. उन्हाळ्यात असा परस म्या जिंदगीत बगितला न्हाई. डोंगरावरून दिसतो. कुनाचा हाय गं?"

मनकर्णाचा चेहरा असा फुलला, की तेवढ्यावरूनच कुणालाही उमगलं असतं. ती हसू दाबत म्हणाली, "आत या की मग. दाखविते."

"लेकरू हू दे," म्हातारा म्हणाला.

तिनं सांगून टाकायला हवं होतं. पण ती त्याचीच नात. तिला तोंडानं सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. आज्याला सांगायचं नाही, अशी गळ्याची शपथ तिनं बापालाही घातली होती. त्याला आत शिरायचं नव्हतं. दोघांनी एकेक टोक धरून ठेवलं, आणि सहा वर्षं गेली.

या सहा वर्षांत लेकरू झालं नाही. बायनाबाईनं नवस केले, अंगारे आणले, उपास धरले. ती दुष्ट बाई नव्हती, पण एकुलत्या मुलाच्या घरात पाळणा नाही हे तिच्या तोंडातून रोज एकदा तरी निघायचंच. सुग्रीव गप्प असायचा, आणि गप्प माणसाच्या मनातलं बायकोला जास्त ऐकू येतं. शेजारणी विचारायच्या. आणि पंधरा दिवसांनी एकदा जो माणूस केवळ तिला भेटायला डोंगर ओलांडून यायचा, तोही लिंबाखाली बसता बसता पहिला प्रश्न हाच करायचा, "काय गं, काई इशेष?" ती मान हलवायची. तो तुंब्याचं बूच काढायचा. बाकीच्यांना निदान नातू हवा होता, मुलगा हवा होता. या म्हाताऱ्यानं तर स्वतःची तहान तिच्या पोटावर टांगून ठेवली होती. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ध्यानात येऊन उपयोग राहिला नव्हता.

शेवटची भेट होळीनंतरची. मनकर्णा वाळली होती, पण तांब्या नेहमीसारखा घासून लखलखीत केलेला होता. ती लिंबाखाली खालीच बसली आणि म्हणाली, "आजा, लेकरू झालंच न्हाई तर?"

"असं वंगाळ बोलू नगं. हुईल."

"हुईल तवा हुईल. आज पानी घ्या."

तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. म्हाताऱ्याचा हात तांब्याकडं गेलासुद्धा. पण त्याच वेळी वाटेनं गावातली दोन माणसं चालली होती. त्यांनी रामराम घातला, आणि सटवाजी शब्दाचा पक्का असल्याची आठवण सटवाजीला झाली. हात मागं आला. "म्होरल्या खेपेला बगू," तो म्हणाला, काठी उचलली आणि निघाला. पायवाटेच्या वळणावर त्यानं मागं पाहिलं. ती अजून बसलेलीच होती आणि जमादार तिच्या पायाशी. तीन हाका मारल्या तेव्हा कुत्रं आलं.

पुढली खेप राहिली ती राहिलीच. चैत्रात त्याचा गुडघा सुजला आणि वैशाखात कवठ्यात पटकीची साथ आली. गावात येऊ नका, जाऊ नका, असा सांगावा होता. मनकर्णा गेल्याची खबर आली तेव्हा तिला जाऊन तीन दिवस झाले होते. सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. ही खबर ऐकून सटवाजीबाबा आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. दहाव्याला वैजीनाथ एकटाच जाऊन आला. कस्तुराबाई, जिला एरवी बोलायला निमित्त लागायचं नाही, तीही काही बोलली नाही. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, "पी म्हनलं की प्यायचं हुतं रं मुडद्या" असं म्हटलं असतं, तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. ती नुसती भाकरी आणून ठेवायची आणि ताट उचलून न्यायची.

परसात कुणी पाणी घालत नव्हतं. दोडक्याचा वेल सुकला. म्हातारा उठला नाही.

मग एका सोमवारी जमादार उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. भुंकला नाही. वाटेला लागला, दहा पावलं गेला, मागं वळून पाहिलं, परत आला. पुन्हा गेला. असं चार वेळा झालं तेव्हा सटवाजीबाबानं काठी शोधली. सवयीनं तुंबाही भरला. गुडघा दर पावलाला कण्हत होता. माथ्यावर पोचायला दुप्पट वेळ लागला. धोंड्यावर बसून त्यानं पल्याड पाहिलं. तो हिरवा चौकोन पिवळा पडला होता. "त्या शान्या मानसालाबी नेलं का काय रोगानं," तो कुत्र्याला म्हणाला. अजूनही त्याला कळलं नव्हतं.

कवठ्यात निम्मी दारं बंद होती. सुग्रीवचं उघडं होतं. जमादार आत गेला. म्हातारा लिंबाखाली आला, बसायला वाकला आणि तसाच थांबला. समोर बायनाबाई उंबऱ्यात येऊन उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"या पाव्हनं, आत या," ती म्हणाली. "आता कशाची रीत पाळायलाव?"

त्यानं उंबरा ओलांडला. सहा वर्षांत पहिल्यांदा. आत थंडगार अंधार होता, कोपऱ्यात जातं, कोनाड्यात तिची फणी. जमादार कुठं दिसेना. मागचं दार उघडं होतं. म्हातारा त्या दारात गेला आणि चौकटीला धरून उभा राहिला.

न्हाणीचं पाणी पाट काढून मागं नेलेलं. पाटाच्या तोंडाशी अळू. मग दोडक्याचा मांडव, त्याच्यापुढं वांगी, मिरची. वाऱ्याच्या बाजूला अंबाडीची दाट रांग. प्रत्येक वाफ्याच्या चारी कोपऱ्यांवर झेंडू, माना टाकलेले. सगळं सुकत चाललेलं, पाण्यावाचून तडकलेलं, पण सगळं त्याचंच. पाटाचं वळणसुद्धा तसंच, जिथं त्याच्या घरी मधे खडक लागला म्हणून त्यानं वळवला होता. इथं तर खडकही नव्हता. आणि मधोमध एक वाफा रिकामा. खुरपून भुसभुशीत करून ठेवलेला. त्याच्या कडेला एक सपाट धोंडा, माणसाला बसता येईल असा, आणि त्या वाफ्याच्या कोपऱ्यात जमादार नेहमीच्या सवयीनं अंग टाकून पडला होता.

"सगळा तिनंच केला," मागून बायनाबाई म्हणाली. "डोक्यावर घागरी आनू आनू. म्या लय बोलले, म्हनलं उन्हाळ्यात हे कशाला? तर म्हनायची, आज्याला डोंगरावरून दिसाया पायजे."

म्हाताऱ्याचं बोट त्या रिकाम्या वाफ्याकडं गेलं. त्याला वाटलं, तिनं भुईला विसावा दिला असेल, आपण शिकवलं तसा.

"त्यो?" बायनाबाईनं पदर डोळ्याला लावला. "त्यो तुमचा. सहा सालं झाली, त्यात कुनाला बोट लावू देईना. म्हनायची, ह्यो आज्याचा वाफा. आजा आत येतील त्या दिशी त्येंच्या हातानं लावतील. बियानंबी ठिवलंय वर." ती आत गेली आणि आढ्याला टांगलेला छोटा तुंबा काढून घेऊन आली. मनकर्णा दरवर्षी जुनं काढून नवं भरत होती, असं बायनाबाईनं सांगितलं.

तेव्हा म्हाताऱ्यानं पहिल्यांदा हंबरडा फोडला. तो आवाज ऐकून सुग्रीव शेतातून पळत आला, शेजारच्या बायका कुडावरून डोकावल्या. सटवाजीबाबाला कुणाचीच लाज वाटली नाही. चार गावांत मिळवलेली ती इज्जत तिथं त्या मातीत सांडून गेली, आणि ती गेलेली त्याला कळलीही नाही.

मग तो सावरला. घागर मागून घेतली. सुग्रीवनं विहिरीतून शेंदायचं आणि त्यानं वाफ्यावाफ्यात घालायचं, असं ऊन उतरेपर्यंत चाललं. गुडघा दुखतोय हे तो विसरून गेला होता. शेवटी रिकाम्या वाफ्याशी बसला, बियाण्याचा तुंबा फोडला, राखेतून वालाचं बी वेगळं केलं आणि एकेक टोचत गेला. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. ओळ काही सरळ आली नाही. खांद्यावर स्वतःच्या विहिरीचा भरलेला तुंबा तसाच होता. त्यानं त्याचं बूच काढलं आणि सगळं पाणी त्या वाफ्यात ओतलं.

"बाई," तो बायनाबाईला म्हणाला, "पानी द्या."

तिनं तोच तांब्या आणला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांत धरला, नावाच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि तिच्या धोंड्यावर बसून प्याला. तांब्या रिता झाला तरी त्यानं तो तोंडापासून बराच वेळ काढला नाही. जमादार एकदा डोकं वर करून त्याच्याकडं बघून पुन्हा झोपला. त्याला या घरच्या पाण्याचं काही नवल नव्हतं.